टीएसएचचा आकडा नेमके काय सांगतो? : थायरॉईडचे आजार, त्यांची कारणे, लक्षणे आणि उपचार

सूक्ष्मदर्शी

रोगनिदान प्रयोगशाळेत जीवरसायन विभागाचे काम पाहत असल्यामुळे थायरॉईडच्या तपासणीचे अहवाल रोज माझ्या नजरेखालून जातात. त्यातील टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन) या एका आकड्यावरून लोक स्वतःला आजारी ठरवतात, गोळी मनानेच कमी-जास्त करतात, आणि आकडा वाढला म्हणजे ग्रंथीचे काम वाढले, असा नेमका उलटा अर्थ लावतात. हा आकडा कोठून येतो, तो कशाची खूण आहे आणि कशाची नाही, एवढे नीट समजले तर या आजारांबद्दलच्या बहुतेक शंका फिटतात, असे माझे ठाम मत आहे. म्हणून हा धागा काढत आहे.

थायरॉईड ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असते. प्रौढ व्यक्तीत तिचे वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम भरते. रक्तातील आयोडीन ओढून घेऊन ती दोन संप्रेरके बनवते. त्यांपैकी टी४, म्हणजेच थायरॉक्सिन, हे ती भरपूर प्रमाणात बनवते आणि त्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. टी३ ती थोडेच बनवते. टी४ हा एका अर्थाने साठा आहे. यकृत, मूत्रपिंड, मेंदू अशा अवयवांतील पेशी त्यातला आयोडीनचा एक अणू काढून टाकतात, त्यातून टी३ तयार होते, आणि हे टी३ पेशीच्या केंद्रकात जाऊन कोणती जनुके किती काम करतील हे ठरवते. हृदयाची गती, शरीराची उष्णता, आतड्यांची हालचाल, कोलेस्टेरॉलचा निचरा, मासिक पाळी, स्नायूंची ताकद, विचारांचा वेग या सगळ्यांवर त्याचा अंमल चालतो. या आजाराची लक्षणे डोक्यापासून पायापर्यंत कोठेही का दिसतात, याचे उत्तर येथे आहे.

आता टीएसएच. हे संप्रेरक थायरॉईड ग्रंथी बनवत नाही; ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येते. पिट्युटरी रक्तातील थायरॉईड संप्रेरकांवर सतत लक्ष ठेवून असते. ती कमी पडली की टीएसएच वाढवते, जास्त झाली की टीएसएच आवरते. टीएसएच म्हणजे काम करणाऱ्याला घातलेली हाक आहे, असे समजा: काम होत नसेल तर हाक मोठी होते आणि गरजेपेक्षा जास्त काम होत असेल तर हाक थांबते. म्हणून टीएसएच वाढलेले असेल तर बहुतेक वेळा ग्रंथी मंदावलेली असते (हायपोथायरॉईडिझम), आणि टीएसएच जवळजवळ शून्यावर गेलेले असेल तर बहुतेक वेळा ग्रंथी अतिसक्रिय असते (हायपरथायरॉईडिझम).

या नात्यातील एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. रक्तातील टी४ थोडेसेच घटले तरी टीएसएच कित्येक पटींनी चढते. त्यामुळे टी४ अजून मर्यादेत असतानाच टीएसएच वर गेलेले दिसते, आणि म्हणूनच प्राथमिक चाचणी म्हणून टीएसएच निवडली जाते. पण याच संवेदनशीलतेमुळे क्षुल्लक कारणांनीही हा आकडा हलतो. रात्री उशिरा आणि पहाटे तो चढा असतो, दुपारी उतरतो. मोठ्या आजारपणात तो खाली जातो आणि बरे होताना काही काळ वर जातो. वयाबरोबर तो स्वाभाविकपणेच थोडा वाढतो. अहवालावर छापलेली ०.४ ते ४ किंवा ४.५ अशी जी मर्यादा असते, ती निरोगी मानलेल्या लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे घेऊन ठरवलेली असते. म्हणजे पूर्ण निरोगी माणसांपैकीही काहींचे आकडे त्या मर्यादेबाहेर पडणारच. ४.९ हा आकडा ठळक अक्षरांत छापला गेला म्हणजे आजार सिद्ध झाला, असे होत नाही.

ग्रंथी मंदावण्याचे जगभरातील सर्वांत प्रमुख कारण म्हणजे आहारातील आयोडीनची कमतरता. जेथे आयोडीन पुरेसे मिळते तेथे मुख्य कारण हाशिमोटो थायरॉइडायटिस हे असते. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली चार स्त्रियांच्या ग्रंथींचे वर्णन केले. त्या ग्रंथींत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची दाटी झालेली होती. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करते, हा या प्रकाराचा उलगडा पुढे १९५० च्या दशकात झाला. आज अँटी-टीपीओ या, ग्रंथीविरुद्ध तयार होणाऱ्या प्रतिपिंडांच्या (अँटीबॉडीच्या) चाचणीतून त्याचा माग लागतो. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी जास्त आढळतो आणि कुटुंबांतून चालत येतो. याखेरीज ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया, किरणोत्सारी आयोडीनचा उपचार, लिथियम किंवा अमिओडॅरोनसारखी औषधे हीही कारणे असतात.

लक्षणांबद्दल एक गोष्ट मनावर ठसवून घ्यायला हवी. थकवा, वजनातील थोडी वाढ, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे, कोरडी त्वचा, केस गळणे, पाळीत जास्त रक्तस्राव होणे, आवाज घोगरा होणे, विसरभोळेपणा, उदासी यांपैकी एकही लक्षण फक्त थायरॉईडचे नाही. ती हळूहळू, महिनोन्महिने वाढत येतात, त्यामुळे वयाच्या किंवा कामाच्या माथी मारली जातात. चेहरा व पापण्या सुजल्यासारख्या दिसतात, कारण त्वचेखाली पाणी धरून ठेवणारे पदार्थ साठतात. एलडीएल कोलेस्टेरॉल वाढते, कारण यकृतातील ते उचलून नेणारे ग्राहक (रिसेप्टर) कमी होतात. म्हणूनच कोलेस्टेरॉल नव्याने वाढलेले आढळले तर औषध सुरू करण्यापूर्वी टीएसएच पाहण्याची पद्धत आहे.

उपचाराचा इतिहास मला नेहमीच हलवून सोडतो. स्वित्झर्लंडमधील बर्नचे शल्यचिकित्सक थिओडोर कोखर यांनी गलगंडाची शस्त्रक्रिया सुरक्षित केली आणि त्या कामासाठी त्यांना १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले; पण ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली ते रुग्ण पुढे सुजलेले, मंद आणि खंगलेले झाल्याचे त्यांनीच १८८३ साली जाहीरपणे नोंदवले. शरीराला ही ग्रंथी किती हवी असते, हे त्यातून जगाला कळले. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका ४६ वर्षांच्या रुग्ण स्त्रीला टोचला. ती बरी झाली आणि तो उपचार घेत पुढे २८ वर्षे जगली. आज तेच काम प्रयोगशाळेत बनवलेले लेव्होथायरॉक्सिन करते, आणि ते आपल्या ग्रंथीतून येणाऱ्या टी४ सारखेच असते. म्हणून ती गोळी म्हणजे शरीरात परके काही घालणे नव्हे.

या गोळीचा अर्धायुष्यकाळ सुमारे सात दिवस आहे. मात्रा बदलल्यावर रक्तातील पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे लागतात आणि पिट्युटरीला जुळवून घ्यायला आणखी थोडा वेळ लागतो. म्हणून पुढची चाचणी सहा ते आठ आठवड्यांनी करायची असते. पंधरा दिवसांनी केलेली चाचणी मधल्याच टप्प्याचा आकडा दाखवते, आणि त्यावरून मात्रा बदलली की ती कधीच स्थिरावत नाही.

आपले प्रश्न आणि अनुभव अवश्य लिहावेत. व्यक्तिगत मात्रा येथे कोणी सांगू नये आणि कोणी विचारू नये, एवढी विनंती.

वाटसरू

लेख आवडला. माझे टीएसएच ६.८ आले आहे, टी४ मर्यादेत आहे आणि मला कोणताही त्रास नाही. वार्षिक तपासणीत हे सहज सापडले. एकदा गोळी सुरू झाली की ती जन्मभर घ्यावी लागते, असे ऐकल्यामुळे मन धजत नाही. अशा वेळी काय विचार करावा?

सूक्ष्मदर्शी

वाटसरू, या अवस्थेला सबक्लिनिकल हायपोथायरॉईडिझम म्हणतात, आणि सर्वांत जास्त गोंधळ याच ठिकाणी होतो. पहिले पाऊल गोळीचे नसून पुन्हा चाचणी करण्याचे असते. दोन-तीन महिन्यांनी, शक्यतो सकाळच्या त्याच सुमारास, टीएसएच आणि फ्री टी४ (रक्तातील प्रथिनांना न चिकटलेले, मोकळे टी४) परत पाहावे आणि सोबत अँटी-टीपीओ करून घ्यावे. बऱ्याच लोकांचा आकडा दुसऱ्या वेळी आपणहून मर्यादेत आलेला असतो. प्रतिपिंडे असतील तर पुढे ग्रंथी खरोखर मंदावण्याची शक्यता वाढते, त्यामुळे दरवर्षी लक्ष ठेवावे लागते.

टीएसएच सातत्याने १० च्या वर असेल, गर्भधारणा असेल किंवा तिचा विचार असेल, तर बहुतेक डॉक्टर उपचाराकडे झुकतात. ४.५ ते १० या पट्ट्यात वय, लक्षणे, हृदयविकाराचा धोका आणि प्रतिपिंडे पाहून निर्णय घ्यावा लागतो. ज्येष्ठांच्या बाबतीत तर आता चांगला पुरावा आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ट्रस्ट या चाचणीत ६५ वर्षे व त्यापुढील ७३७ जणांना, ज्यांचे टीएसएच थोडे वाढलेले होते, लेव्होथायरॉक्सिन किंवा हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. वर्षानंतर थकवा आणि थायरॉईडची लक्षणे यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. टीएसएचचा आकडा गोळीने खाली आला, माणसाला मात्र बरे वाटले नाही. आकड्यावर उपचार करणे आणि माणसावर उपचार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे अभ्यास कमी असतात.

जन्मभराच्या भीतीबद्दल सांगायचे तर, ग्रंथी कायमची निकामी झाली असेल तरच गोळी कायमची लागते. तेथेही कायमची असते ती गरज; तिला गोळीची सवय म्हणता येणार नाही.

पहाटवारा

माझ्या मोठ्या बहिणीचा प्रकार याच्या अगदी उलट आहे. धडधड, हातांना कंप, भूक चांगली असूनही वजन झपाट्याने उतरणे, रात्र रात्र झोप नाही. सगळ्यांना वाटले की मनावरचा ताण आहे. तपासणीत टीएसएच ०.०१ निघाले. आता ग्रेव्हज आजार आहे की आणखी काही, हे ठरवण्यासाठी पुढच्या चाचण्या सांगितल्या आहेत. टीएसएचने निदान होत असेल तर आणखी चाचण्या कशासाठी?

अंतरंगवैद्य

मी वैद्यकशास्त्राचा पदव्युत्तर असून आंतररुग्ण विभागात काम करतो, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी देतो.

टीएसएच शून्याजवळ गेले याचा अर्थ रक्तात संप्रेरक जास्त आहे, एवढाच. ते का जास्त आहे, याची दोन पूर्णपणे वेगळी कारणे असू शकतात आणि त्यांचे उपचारही वेगळे आहेत. एकात ग्रंथी खरोखरच जास्त संप्रेरक बनवत असते. दुसऱ्यात ग्रंथीला सूज येऊन आधी साठवलेले संप्रेरक बाहेर सांडत असते; नवीन उत्पादन उलट थंडावलेले असते. पहिल्या प्रकाराचे प्रमुख उदाहरण ग्रेव्हज आजार, ज्याचे वर्णन आयर्लंडमधील रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली केले. यात प्रतिकारयंत्रणा अशी प्रतिपिंडे बनवते की जी टीएसएचच्या ग्राहकाला चिकटून ग्रंथीला अखंड चालवत राहतात. पिट्युटरीने टीएसएच पूर्ण थांबवले तरी काही उपयोग होत नाही, कारण ग्रंथीला आता दुसराच कोणी हुकूम देत असतो. या प्रतिपिंडांची चाचणी म्हणजे ट्रॅब. दुसऱ्या प्रकारात विषाणूसंसर्गानंतर येणारा, दुखरी मान आणि ताप घेऊन येणारा थायरॉइडायटिस येतो, तसाच बाळंतपणानंतरचा वेदनारहित प्रकारही येतो. येथे ग्रंथीचे काम रोखणाऱ्या गोळ्यांचा उपयोग नसतो. धडधड आवरणारे बीटा-ब्लॉकर आणि थोडा धीर पुरतो. ग्रंथी आयोडीन किती ओढते, हे पाहणाऱ्या स्कॅनमध्ये पहिल्या प्रकारात ग्रंथी उजळून निघते, तर दुसऱ्यात जवळजवळ दिसतच नाही. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांत हा स्कॅन टाळून रक्तचाचणीवर भर देतात.

ग्रेव्हजचे उपचार तीन आहेत. कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल ही औषधे साधारण १२ ते १८ महिने देतात. त्यानंतर बऱ्याच रुग्णांत आजार शांत राहतो, पण पुष्कळांत तो परत येतो. दुसरा उपचार किरणोत्सारी आयोडीनचा. सॉल हर्ट्झ यांनी तो १९४१ साली पहिल्यांदा वापरला. ग्रंथी आयोडीन ओढते, याच गुणाचा उपयोग करून किरणोत्सर्ग थेट तेथेच पोहोचवायचा, ही त्यामागची कल्पना मला आजही विलक्षण सुंदर वाटते. तिसरा उपचार शस्त्रक्रियेचा. शेवटच्या दोन्हींनंतर ग्रंथी बहुधा मंदावते आणि लेव्होथायरॉक्सिन घ्यावे लागते. हा उपचाराचा बिघाड नसून ठरवून स्वीकारलेला परिणाम असतो, आणि तो रुग्णाला आधी सांगितलेला असला पाहिजे.

पहाटवारा, एक गोष्ट आपल्या बहिणीला आवर्जून सांगा. कार्बिमाझोल सुरू झाले आणि त्यानंतर ताप आला, घसा खूप दुखू लागला किंवा तोंडात फोड आले, तर पुढची गोळी घेऊ नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून पांढऱ्या पेशींची मोजणी करून घ्यावी. क्वचित प्रसंगी या औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होतात आणि साधा वाटणारा घसा जिवावर बेतू शकतो. डोळे बाहेर आल्यासारखे वाटणे, लाल होणे, दुहेरी दिसणे यांकडेही लक्ष असू द्या. धूम्रपानाने डोळ्यांचा हा त्रास निश्चितपणे वाढतो, आणि किरणोत्सारी आयोडीननेही तो वाढू शकतो. म्हणून उपचार निवडताना डोळे आधी तपासतात.

पहाटवारा

मनापासून आभार. तापाची ही सूचना आम्हाला कोणी दिली नव्हती. आजच तिला कळवते.

क्षितिजरेषा

येथे मला थोडा मतभेद नोंदवायचा आहे. गेली काही वर्षे मी लेव्होथायरॉक्सिन घेते. टीएसएच मर्यादेत आहे. तरीही सकाळी उठताना अंगात त्राण नसते, शब्द आठवत नाहीत, आणि डॉक्टर अहवाल पाहून सगळे ठीक असल्याचे सांगतात. आकड्यावर अति भर देऊ नये, असे या धाग्यात म्हटले आहे. मग आकडा चांगला असलेल्या आमच्यासारख्यांचे म्हणणे का ऐकले जात नाही? काही जणी मात्रा वाढवून घेतात किंवा टी३ची गोळी घेतात आणि त्यांना बरे वाटते.

सूक्ष्मदर्शी

क्षितिजरेषा, आपले म्हणणे रास्त आहे आणि ते गंभीरपणे घ्यायलाच हवे. उपचाराने टीएसएच जागेवर आल्यानंतरही काही रुग्णांचा, साधारण दहातील एखाद्याचा, त्रास शिल्लक राहतो, ही वैद्यकशास्त्राने मान्य केलेली गोष्ट आहे. हा त्रास खरा आहे. प्रश्न तो कोठून येतो, याचा आहे.

हाशिमोटो असलेल्या व्यक्तीत इतर स्वयंप्रतिकार आजार जास्त आढळतात. जठराच्या अस्तरावर हल्ला होऊन बी-१२ चे शोषण थांबते, किंवा सीलिअॅक या, गव्हातील ग्लूटेनमुळे होणाऱ्या आजाराने आतड्यातून लोह नीट शोषले जात नाही. म्हणून थकवा उरला असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, रक्तातील साखर आणि सीलिअॅकची चाचणी पाहावी, झोपेत श्वास अडकतो का याची चौकशी करावी आणि नैराश्याचाही मोकळेपणाने विचार करावा. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथी मंदावण्याचा अॅडिसन आजार दुर्मीळ आहे, पण वजन घटणे, उभे राहताना चक्कर, त्वचा काळवंडणे अशी लक्षणे असतील तर तो वगळलाच पाहिजे, कारण त्या अवस्थेत थायरॉक्सिनने प्रकृती बिघडू शकते.

टी३बद्दल: टी४ आणि टी३ एकत्र देण्याच्या अनेक चाचण्या झाल्या आणि सरासरीने पाहता एकट्या टी४ पेक्षा ठळक फायदा दिसला नाही. काही रुग्णांना मात्र बरे वाटते, हेही त्यांतच नोंदले आहे. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ठरावीक मुदतीचा प्रयोग करून पाहण्याची वाट म्हणून खुली आहे. टी३ रक्तात झपाट्याने चढते आणि एक-दोन दिवसांत उतरते, त्यामुळे हृदयाला हे चढउतार सोसावे लागतात. हे लक्षात ठेवूनच तो निर्णय घ्यावा.

मात्रा वाढवून टीएसएच मुद्दाम खाली ढकलणे मात्र मला धोक्याचे वाटते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या दीर्घकालीन अभ्यासातून १९९४ साली असे दिसले की साठीपुढील ज्या लोकांचे टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी होते, त्यांच्यात पुढील दहा वर्षांत एट्रियल फिब्रिलेशन हा हृदयाच्या ठोक्यांचा विकार होण्याचा धोका सुमारे तिप्पट होता. या विकारातून पक्षाघात होऊ शकतो. शिवाय पाळी थांबलेल्या स्त्रियांत हाडे ठिसूळ होतात. आज मिळणाऱ्या तरतरीची किंमत पुढे अशी मोजावी लागू शकते.

अंतरंगवैद्य

वरील उत्तराला जोडून एक गोष्ट. टीएसएच मर्यादेत असूनही थायरॉईड मंद असू शकते, असा एक प्रकार खरोखरच आहे. पिट्युटरीलाच इजा झाली असेल, उदाहरणार्थ गाठ, डोक्यावरील शस्त्रक्रिया, किंवा बाळंतपणातील प्रचंड रक्तस्रावानंतर होणारा शीहान आजार, तर टीएसएच वाढतच नाही आणि आकडा फसवतो. बाळंतपणानंतर दूध आले नाही, पाळी परत सुरू झाली नाही आणि अशक्तपणा वाढत गेला, अशी हकीकत असेल तर टीएसएचबरोबर फ्री टी४ आणि कॉर्टिसॉल (अधिवृक्क ग्रंथीचे संप्रेरक) पाहणे आवश्यक असते.

मृगधारा

आयोडीनयुक्त मीठ, कोबी-फ्लॉवर, सोयाबीन यांबद्दल फार उलटसुलट वाचायला मिळते. मीठ वाढवले तर हाशिमोटो बरा होतो का?

सूक्ष्मदर्शी

नाही, मृगधारा. हाशिमोटोत तूट आयोडीनची नसते. उत्पादन करणाऱ्या पेशीच मारल्या जात असतात. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आणि गर्भवतीला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. त्याहून पुष्कळ जास्त घेतल्यास ग्रंथी स्वतःचे उत्पादन रोखते, आणि आधीच दुखावलेली ग्रंथी त्यातून लवकर सावरत नाही. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांतून असे नकळत घडते.

मात्र यावरून आयोडीनयुक्त मीठच सोडणे घातक ठरेल. हिमाचल प्रदेशातील कांग्रा (कांगडा) खोऱ्यात १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात काही विभागांना आयोडीनयुक्त आणि एका विभागाला साधे मीठ पुरवण्यात आले. आयोडीन मिळालेल्या विभागांतील गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. १९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रमाला या कामाचा मोठा आधार मिळाला. गलगंड तर डोळ्यांना दिसतो; पण आयोडीनअभावी गर्भातच मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते ते नुकसान दिसत नाही आणि भरूनही येत नाही. मला या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

कोबी-फ्लॉवर शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्यास चिंता नाही. सोयाबीन, लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, आम्लपित्तावरची काही औषधे आणि कॉफी यांनी लेव्होथायरॉक्सिनचे शोषण घटते. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ नये आणि लोह-कॅल्शियममध्ये चार तासांचे अंतर ठेवावे. रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी घेतली तरी चालते. वेळ एकच ठेवणे जास्त महत्त्वाचे.

नवांकुर

मला आधीपासून हाशिमोटो आहे आणि आता आम्ही बाळाचा विचार करत आहोत. गर्भारपणात ही गोळी बाळासाठी सुरक्षित असते का? जमल्यास मी ती बंदच करावी असे घरच्यांचे म्हणणे आहे.

अंतरंगवैद्य

नवांकुर, गोळी बंद करू नका. घरच्यांची काळजी मी समजू शकतो, पण येथे धोका गोळी सोडण्यात आहे. गर्भाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी पहिले तीन महिने कामाची नसते. पुढेही निम्मे दिवस भरेपर्यंत तिचे उत्पादन तुटपुंजे असते. त्या काळात बाळाच्या मेंदूला लागणारे थायरॉक्सिन आईच्या रक्तातूनच जाते. आईची गरजही साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढते, आणि ती पहिल्या काही आठवड्यांतच वाढते. म्हणून गर्भधारणेपूर्वीच टीएसएच २.५ च्या खाली आणून ठेवावे, पाळी चुकून चाचणी होकारार्थी आली की लगेच डॉक्टरांना कळवून मात्रा वाढवून घ्यावी, आणि गर्भारपणाचे निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी करावी. बाळंतपणानंतर मात्रा पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आणतात.

बाळ झाल्यावर त्याच्या टाचेतील रक्ताची टीएसएच चाचणी होते आहे ना, याची खात्री करून घ्या. जन्मजात थायरॉईड मंद असणे हे दर २००० ते ४००० बाळांमागे एकात आढळते. अशी बहुतेक बाळे जन्मतः अगदी निरोगी दिसतात, कारण आईचे थायरॉक्सिन त्यांच्यात अजून उरलेले असते. लक्षणांची वाट पाहिली तर बुद्धीचे नुकसान होऊन जाते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर मूल इतरांसारखेच वाढते. कॅनडातील क्वेबेकमध्ये १९७४ साली अशी सरसकट तपासणी सुरू झाली. तिने जगभरात किती मुलांचे आयुष्य वाचवले, याचा विचार मनात आला की ऊर भरून येतो.

नवांकुर

हे उत्तर मी घरी सर्वांना वाचून दाखवले. गोळी चालू राहील.

वाटसरू

आणखी एक शंका. सोनोग्राफीत ग्रंथीवर आठ मिलिमीटरची गाठ दिसली आहे. टीएसएच वाढण्याशी तिचा संबंध असेल का?

अंतरंगवैद्य

बहुधा नाही. अशा गाठी फार सर्रास आढळतात आणि त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक निरुपद्रवी असतात. गाठीचा आकार, कडा आणि तिच्यातील चुनखडीचे कण पाहून सुईने तपासणी करायची की नुसते लक्ष ठेवायचे, हे ठरवतात. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठीला सहसा सुई लावत नाहीत. आवाज बदलणे, गिळताना अडकणे, गाठ वेगाने वाढणे, मानेत इतर गाठी लागणे किंवा लहानपणी मानेवर किरणोत्सर्ग झालेला असणे, यांपैकी काही असेल तर मात्र लवकर दाखवावे.

मृगधारा

चाचणीच्या दिवशी गोळी घ्यायची की नाही, याबद्दल प्रत्येक ठिकाणी वेगळे सांगतात. उपाशीपोटी जायचे का?

सूक्ष्मदर्शी

टीएसएचसाठी उपाशी राहण्याची सक्ती नाही. पण दर वेळी सकाळी त्याच सुमारास रक्त द्यावे, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते. गोळी घेतल्यानंतर काही तास फ्री टी४ वर गेलेले दिसते, म्हणून त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनची मोठ्या मात्रेची गोळी चालू असेल तर ती किमान दोन दिवस आधी थांबवावी आणि प्रयोगशाळेत तसे सांगावे. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटे कमी आणि टी४ खोटे जास्त दिसते, आणि आजार नसतानाही कागदावर हुबेहूब ग्रेव्हज उभा राहतो. शक्य असेल तर दर वेळी चाचणी एकाच प्रयोगशाळेत करावी आणि जुने अहवाल सोबत न्यावेत; मागचे दोन आकडे समोर असले की तिसऱ्याचा अर्थ लावणे आम्हालाही सोपे जाते.